पहिल्या वाक्याची उधारी

मंडळी, पुस्तकांच्या गाजलेल्या पहिल्या वाक्यांची गंमत अशी, की ती पाठ असणारे पुष्कळ, पण पुढचं पुस्तक वाचलेले थोडे. म्हणून आज कौतुक जरा बाजूला ठेवू आणि विचारू: हे वाक्य आपल्याला पुस्तकाच्या आत नेतं, की दारातूनच परत पाठवतं?

रूसोचा ‘सामाजिक करार’ घ्या. १७६२ सालचा ग्रंथ. जन्मजात स्वातंत्र्य आणि सगळीकडच्या बेड्या यांना समोरासमोर उभं करणारं त्यातलं वाक्य सर्वांना ठाऊक असतं. पण ते ग्रंथाचं पहिलं वाक्य नव्हेच! त्याआधी एक छोटं प्रास्ताविक आहे. राज्यव्यवस्थेला न्याय्य आणि भरवशाचा नियम सापडू शकेल का, हा प्रश्न तिथे मांडलाय. बेड्यांचं वाक्य त्यानंतर, पहिल्या प्रकरणाच्या आरंभी येतं. आणि लगेच रूसो सांगतो, की हे कसं घडलं ते त्याला माहीत नाही. ते न्याय्य कशानं ठरेल, एवढं मात्र सांगता येईल.

म्हणजे बघा, आपल्याला वाटतं हा बेड्या तोडायला निघालाय. तो निघालाय कोणतं बंधन रास्त, हे ठरवायला. त्याच पहिल्या खंडात पुढे, सामूहिक ईहा नाकारणाऱ्याला स्वतंत्र व्हायला भाग पाडावं, असंही तो म्हणतो. टाळ्या वाजवणारा वाचक इथे बिचकतो. बिचकायलाच हवं, खरं वाचन तिथून सुरू होतं.

आता नेमाड्यांची ‘कोसला’ पाहू, १९६३ सालची. पांडुरंग सांगवीकर आरंभी नाव-वय सांगतो आणि मध्येच ‘उदाहरणार्थ’ हा शब्द घालतो. आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असू, नुसतं हसून पुढे जाऊ नका. तर्कशास्त्रात उदाहरण कुठल्या तरी नियमाचं असतं. इथे नियमाचा पत्ताच नाही. मग हे आयुष्य कशाचं उदाहरण? पुण्याचं वसतिगृह, गावी परतणं, सगळीकडे हा प्रश्न पाठ सोडत नाही. आणि धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी तर कुठलाच नियम पुरा पडत नाही.

आमच्या मते, पहिलं वाक्य ही उधारी असते. ती पुढच्या पानांनी फेडायची. पांडुरंगाची उधारी कादंबरीभर फिटत राहते. मग रूसो नापास का? मुळीच नाही. त्यानंही आपली फेडलीय. नापास झालो ते आपण, वाक्य तोडून घोषणा करणारे. घोषणेला पुढचं पान नसतं. तेव्हा एखादा आरंभ आवडला, तर तो इतरांना ऐकवण्याआधी निदान ते प्रकरण तरी पुरं वाचावं, एवढीच विनंती.