मार्थेची बाजू

उपासनावर्षाच्या ‘क’ चक्रात, सामान्य काळातील सोळाव्या रविवारी, संत लूकच्या शुभवर्तमानातील मार्था आणि मरिया यांची कथा मिस्सेत वाचली जाते. २०२५ साली हा रविवार २० जुलै रोजी आला. मिस्सा संपल्यावर पावसाची सर ओसरण्याची वाट पाहत आम्ही देवळाच्या पडवीत उभे होतो. शेजारी आमच्या वाडीतील एक वयस्क काकी होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “फादरांनी सांगितलं ते खरंच आहे, बाबा. पण मार्था चुलीपुढून उठून गेली असती, तर प्रभू त्या दिवशी उपाशीच गेला असता ना?”

काकींचा हा प्रश्न आम्हांस एखाद्या मर्मज्ञ समीक्षकाच्या शेऱ्याइतका मोलाचा वाटतो. आपल्याकडील धर्मचिंतनपर लेखनाचे एक उणेपण त्याने नेमके दाखविले आहे. या कथेवरची आजवर वाचलेली व ऐकलेली बहुतेक चिंतने एकाच वाटेने जातात. मार्था म्हणजे संसाराची धावपळ, मरिया म्हणजे प्रार्थना. म्हणून, भगिनींनो, कामे बाजूला सारा आणि प्रभूच्या चरणी बसा. लिहिणाऱ्याची तळमळ खरी असते, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु पहाटे उठून भाकऱ्या थापून, मुलांचे आवरून, म्हाताऱ्या सासऱ्यांना चहा देऊन मिस्सेला धावत आलेल्या बाईच्या पदरात असे चिंतन काय टाकते? तिच्या कामांच्या यादीत आणखी एक काम, आणि ते न जमल्याचा अपराधभाव.

मूळ कथा मात्र इतकी सरधोपट नाही. प्रभूला घरात घेणारी मार्थाच आहे, हे लूक आरंभीच सांगतो. प्रभू तिच्या सेवेला नावे ठेवीत नाही; अनेक गोष्टींनी तिचे मन ओढले गेले आहे, त्या काळजीविषयी तो बोलतो. तो तिला दोनदा नावाने हाक मारतो. लूकच्याच लेखनात ‘शिमोन, शिमोन’ आणि ‘शौल, शौल’ अशा हाका येतात. ज्यांच्यावर मोठी जबाबदारी पडावयाची, त्यांना मारलेल्या त्या हाका आहेत. कथेच्या लगेच आधी दयाळू शमरोन्याचा दाखला आहे आणि तो ‘जा आणि तसेच कर’ या अर्थाच्या आज्ञेने संपतो. हातांनी केलेल्या सेवेचा एवढा गौरव करून पुढच्याच पानावर लूक तिला हलकी कशी लेखील?

ख्रिस्तसभेची वाचनमालाही हेच सुचविते. त्याच रविवारचे पहिले वाचन उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायातील आहे. मम्रेच्या वृक्षांपाशी तीन पाहुणे येतात. भर उन्हात अब्राहाम धावपळ करतो, सारा तीन मापे पीठ मळते, आणि त्या पाहुणचारातूनच पुत्राचे वचन मिळते. जी उपासना सारेच्या पिठाने आरंभ करते, ती मार्थेच्या चुलीला तुच्छ मानीत नाही. प्रवचनकाराने ही दोन वाचने शेजारी ठेवून पाहिली, तरी अर्धे काम होईल.

मरियेचे बसणेही नीट पाहिले पाहिजे. गुरूच्या चरणांशी बसणे ही त्या काळी शिष्याची बैठक होती; संत पौल गमालिएलच्या चरणांशी शिकला, असे प्रेषितांची कृत्ये सांगतात. प्रभूने येथे एका स्त्रीचा शिकण्याचा हक्क राखला आहे. जे वचन स्त्रीला मोकळे करण्यासाठी उच्चारले गेले, तेच आपण तिला टोचण्यासाठी वापरावे, ही मोठी विसंगती होय.

परंपरेतील थोरांनी या कथेशी अधिक सावधपणे व्यवहार केला आहे. संत ऑगस्टीन मरियेचा वाटा श्रेष्ठ मानतात, पण मार्थेचा वाटा वाईट म्हणत नाहीत. भुकेलेला कोणी उरणार नाही तेव्हा तिचे काम सरेल, एवढेच ते म्हणतात. आविलाच्या संत तेरेजा १५७७ साली लिहिलेल्या ‘आंतरिक दुर्ग’ या ग्रंथात म्हणतात, की प्रभूचे आतिथ्य मार्था व मरिया यांनी मिळूनच करावयाचे असते. एकटी मरिया बसून राहिली असती, तर प्रभूला जेवू कोणी घातले असते? १९७० साली ख्रिस्तसभेने ज्यांना धर्मपंडित म्हणून गौरविले, त्या तेरेजांचा आणि पडवीतल्या आमच्या काकींचा प्रश्न एकच निघावा, याचे आम्हांस नवल वाटले. पण दोघींनीही स्वयंपाकघर आतून पाहिले होते.

योहानाच्या शुभवर्तमानात हीच मार्था भाऊ वारल्यावर वाटेतच प्रभूला गाठते आणि पेत्राच्या तोडीची श्रद्धा कबूल करते. पुढच्या अध्यायात ती पुन्हा वाढताना दिसते. या वेळी तक्रार नाही. २०२१ साली ख्रिस्तसभेने २९ जुलैच्या मार्थेच्या स्मरणदिनी मरिया व लाजरस यांनाही जोडून घेतले. तिघा भावंडांचे घर पुन्हा एक झाले.

म्हणून चिंतन लिहिणाऱ्यांकडे आमचे मागणे साधे आहे. उपदेशाकडे वळण्यापूर्वी कथा शेवटपर्यंत वाचावी. लूक मार्थेचे उत्तर सांगत नाही; ती जागा आपण घाईने भरू नये. आणि उपदेश करावयाचाच झाला, तर तो घरातल्या पुरुषांनाही असावा. धर्मग्रामाच्या सणाला जेवणाची भांडी त्यांनी उचलली, तर रांधणाऱ्या भगिनींनाही प्रवचन बसून ऐकता येईल.

२०२८ साली ही कथा मिस्सेत पुन्हा वाचली जाईल. त्या रविवारचे प्रवचन लिहावयास बसण्यापूर्वी प्रवचनकाराने एखाद्या काकींच्या चुलीपाशी घटकाभर बसून यावे.