संगणकाच्या पिढ्या : एका तक्त्याची तपासणी

पिरंगुटच्या एका शाळेत आम्ही संगणकाविषयी बोलायला गेलो होतो. भिंतीवर ‘संगणकाच्या पाच पिढ्या’ हा तक्ता होता : निर्वात नळ्या, ट्रान्झिस्टर, आयसी, मायक्रोप्रोसेसर आणि शेवटी कृत्रिम बुद्धिमत्ता. हा तक्ता आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. पंचकार्डांच्या काळापासून प्रोग्रॅम लिहीत आलेल्या आम्हाला मात्र त्यात तीन त्रुटी दिसतात.

पहिली वर्गीकरणाची. पहिल्या चार पिढ्या यंत्राच्या सुट्या भागांवरून ठरवल्या आहेत, पाचवी मात्र कामावरून. जपानने १९८२ साली हाती घेतलेल्या प्रकल्पामुळे ‘पाचवी पिढी’ हे नाव रूढ झाले. एका वर्गीकरणात दोन निकष आपण जीवशास्त्रात चालवून घेऊ का?

दुसरी त्रुटी म्हणजे एक पिढी संपते आणि मग दुसरी येते, हा समज. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० मध्ये कार्यान्वित झाला. परदेशात तेव्हा ट्रान्झिस्टरचे संगणक आले होते. टिफ्रॅक निर्वात नळ्यांचा होता. पण त्याची स्मृती फेराइटच्या कड्यांची, म्हणजे त्या काळी आधुनिकच होती. त्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत, म्हणजे १०,२४० बाइट. आज देवनागरीचे एक अक्षरचिन्ह साठवायला सामान्यतः ३ बाइट लागतात. हा लेख दोनदा साठवायलाही ती जागा पुरली नसती!

तिसरी त्रुटी सर्वांत मोठी : तक्त्यात माणूसच नाही. पंचकार्डावर ८० स्तंभ असत आणि प्रोग्रॅमची एक ओळ म्हणजे एक कार्ड. गठ्ठा द्यायचा आणि उत्तर दुसऱ्या दिवशी घ्यायचे. एक स्वल्पविराम चुकला की दिवस वाया. म्हणून आम्ही प्रोग्रॅम आधी कागदावर, पेन्सिलीने ‘चालवून’ पाहत असू. यंत्राचा वेळ महाग होता, माणसाचा स्वस्त. आज उलटे आहे आणि ते चांगलेच आहे. मुले एका तासात वीस प्रयत्न करू शकतात. पण उत्तराचा आधी अंदाज बांधण्याची सवय त्यात हरवली.

ती का हवी? पायथॉनमध्ये ०.१ + ०.२ करून पाहा. उत्तर येते ०.३०००००००००००००००४. दशमान पद्धतीत १/३ जसा संपत नाही, तसा द्विमान पद्धतीत १/१० संपत नाही. तो कुठेतरी तोडावा लागतो. टिफ्रॅकचा शब्द ४० बिटांचा होता, पायथॉन अशी संख्या ६४ बिटांत ठेवते. मर्यादा पुढे सरकली, संपली नाही. ज्याने आधी अंदाज बांधला, त्यालाच हे खटकेल; इतरांना यंत्राचे उत्तर खरेच वाटेल.

तेव्हा शिक्षकमित्रहो, तक्ता काढू नका. त्याखाली एक ओळ वाढवा : ‘या काळात माणूस काय करीत होता?’ आणि प्रोग्रॅम चालवण्यापूर्वी अपेक्षित उत्तर वहीत लिहायला सांगा. त्यासाठी पेन्सिल पुरते.