उंदीर उठून बसला, पण गाडी कोण चालवणार?

गेल्या दिवाळीत न्यू जर्सीत एका मित्राकडे पार्टी होती. ग्लासांच्या शेजारीच कॅप्सूलची बाटली. "दोन घे, उद्या डोकं धरून बसणार नाहीस. नॅचरल आहे, झाडाचं आहे!" रात्री निघताना एकाच्या हातात गाडीची किल्ली होती आणि तोंडात एकच वाक्य: "अरे, मी ठीक आहे, गोळी घेतलीय." त्याच्याकडून किल्ली काढून घ्यायला आम्हाला वीस मिनिटं लागली. म्हणून त्या गोळीची ही झाडाझडती.

गोळीतला मुख्य घटक डायहायड्रोमायरिसेटिन, थोडक्यात डीएचएम. पूर्व आशियातल्या 'जपानी बेदाण्या'च्या झाडात तो सापडतो. तिकडे दारूवर उतारा म्हणून हे झाड पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. ठीक आहे. पण परंपरा म्हणजे पुरावा नव्हे; शोध कुठून सुरू करावा एवढंच ती सांगते.

तसा शोध झालाही. 2012 मध्ये यूसीएलएच्या जिंग लियांग यांच्या गटाने 'जर्नल ऑफ न्यूरोसायन्स'मध्ये उंदरांवरचे प्रयोग मांडले. भरपूर दारू दिलेले उंदीर तासाभराहून जास्त वेळ पाठीवर पडून राहिले. सोबत डीएचएम दिलेले काही मिनिटांतच सावरले. मेंदूतल्या ज्या गाबा रिसेप्टरांवर दारू काम करते, तिथेच डीएचएम तिला अडवतं, असा निष्कर्ष. संशोधन म्हणून हे खरंच रंजक आहे, त्याची टिंगल करायचं कारण नाही.

पण बाटलीवर हे येतं तेव्हा मधल्या पायऱ्या गायब होतात. त्या प्रयोगात दारू आणि डीएचएम दोन्ही इंजेक्शनने दिली होती. आपण कॅप्सूल गिळतो, आणि तोंडावाटे घेतलेलं डीएचएम शरीरात फारच कमी शोषलं जातं. शिवाय नशा आणि हँगओव्हर या दोन वेगळ्या गोष्टी. हँगओव्हर सुरू होतो तो रक्तातली दारू उतरत आल्यावर; त्यात मोडलेली झोप, दाह, पाण्याची कमतरता असं बरंच काही असतं. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या नावावर कसा खपवायचा?

बरं, माणसांवरचं काय? 2022 मध्ये 'ॲडिक्शन' नियतकालिकात लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी हँगओव्हरवरच्या 21 चाचण्यांचा आढावा घेतला. सहभागी सगळे मिळून 386. आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या लवंगेचा अर्क त्यात बरा ठरला, पण पुराव्याचा दर्जा अतिशय कमी. कुठल्याही एका उपायाची दोन वेगवेगळ्या अभ्यासांत तपासणी झालेली नव्हती. आठ चाचण्यांत तर एकही स्त्री नव्हती.

अमेरिकेत 1994 च्या कायद्यामुळे सप्लिमेंट बाजारात आणण्याआधी परिणामकारकता सिद्ध करावी लागत नाही. मात्र 'हँगओव्हर बरा करतो' म्हटलं की तो औषधाचा दावा होतो. जुलै 2020 मध्ये एफडीएने याच कारणासाठी सात कंपन्यांना इशारापत्रं पाठवली. त्यामुळे लेबलावरची भाषा जपून असते. पार्टीतली भाषा तशी नसते.

तुलनेसाठी कुडझू ही दुसरी वेल बघा. बोस्टनजवळच्या मॅक्लीन हॉस्पिटलमध्ये 2005 च्या छोट्या अभ्यासात कुडझूचा अर्क घेतलेल्या माणसांनी बिअर कमी प्यायली, घोटही लहान घेतले. माणसं जेमतेम 14, त्यामुळे हुरळून जायला नको. पण प्रश्न बरोबर होता: माणूस कमी पितो का? आमच्या मित्राच्या बाटलीचा प्रश्न वेगळाच आहे: तेवढीच पिऊन काही झालंच नाही असं वाटेल का?

समजा, डीएचएमचा उंदरांवर दिसला तो परिणाम उद्या माणसांत दिसलाच. तरी 'ठीक वाटणं' म्हणजे रक्तातली दारू संपणं नव्हे. यकृत साधारण तासाला एका ड्रिंकइतकीच दारू जिरवतं. ही गती गोळीने वाढते, हे माणसांवर नीट दाखवेपर्यंत ती गोळी म्हणजे फार तर धीर. आणि धीर आलेल्या माणसाच्या हातातूनच किल्ली काढून घेणं अवघड जातं. त्या रात्री आम्ही उबर बोलावली. तो अजूनही रुसलेला आहे, असू दे.