चित्रमुद्रित संगीत परीक्षा : तयारी, चित्रीकरण आणि मूल्यमापन
(बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा)

प्रस्तावना :

संगीत ही प्रयोगसिद्ध कला असल्याने तिची परीक्षा प्रत्यक्ष सादरीकरणातूनच व्हावी, हे तत्त्व सर्वमान्य आहे. परंतु 2020 मधील कोरोना महामारीने परीक्षक आणि परीक्षार्थी यांना एका खोलीत बसणे अशक्य केले आणि सादरीकरणाचे चित्रमुद्रण करून ते परीक्षकाकडे पाठविण्याची पद्धत पुढे आली. महामारी सरली तरी ही पद्धत पूर्णपणे मागे पडलेली नाही. दूरच्या विद्यार्थ्याला ती सोयीची आहे, हे त्याचे एक कारण होय. प्रस्तुत लेखात या पद्धतीच्या तयारीचा व चित्रीकरणाचा विचार करून, तिने नेमके कशाचे मूल्यमापन होते, या प्रश्नाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

पूर्वपीठिका :

पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी 5 मे 1901 रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली आणि गुरुगृही बंदिस्त असलेली विद्या वर्ग, अभ्यासक्रम व परीक्षा यांच्या चौकटीत आणली. त्यांच्या निधनानंतर 1931 मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही पायऱ्यांची नावे आज महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतही परिचित आहेत. या परीक्षांच्या क्रियात्मक भागाचा प्राण म्हणजे परीक्षकाचा प्रश्न. विद्यार्थी बंदिश गात असताना परीक्षक त्याला थांबवितो, दुसरा राग विचारतो, हातावर टाळी-खाली दाखवून तालाची दुगुन म्हणावयास सांगतो, स्वरसमूह गाऊन राग ओळखावयास लावतो. पाठ केलेले कोणते आणि पचलेले कोणते, हे अशा वेळी उघड होते.

यंत्रासमोर गाण्याचा प्रश्नही आपल्याकडे नवा नाही. 1902 मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा रागाचा विस्तार जेमतेम तीन मिनिटांत बसवावा लागला आणि गायनाच्या शेवटी त्यांना आपले नाव उच्चारावे लागले. आज कॅमेऱ्यासमोर प्रथम आपले नाव व सादर करावयाच्या रचना सांगणारा परीक्षार्थी नकळत त्याच परंपरेत उभा असतो. श्रोता समोर नाही आणि दाद मिळणार नाही, ही अवस्था दोघांचीही सारखीच.

गुणविभागणीची साक्ष :

या पद्धतीचे स्वरूप समजण्यासाठी लंडनच्या असोसिएटेड बोर्ड ऑफ द रॉयल स्कूल्स ऑफ म्युझिक या संस्थेचे उदाहरण उपयुक्त आहे. भारतातील पाश्चात्त्य संगीताचे विद्यार्थीही तिच्या परीक्षांना बसतात. या संस्थेने 2020 मध्ये चित्रमुद्रणावर आधारित स्वतंत्र परीक्षा सुरू केली. तीत परीक्षार्थी चार रचना, मध्ये न तोडता, एकाच सलग चित्रीकरणात सादर करतो. प्रत्येक रचनेस 30 आणि समग्र सादरीकरणास 30, असे एकूण 150 गुण असतात.

याच संस्थेच्या समोरासमोरच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एकूण गुण 150च आहेत. तेथे मात्र तीन रचनांना 90 गुण आणि उरलेले 60 गुण स्वरसप्तके (21), न पाहिलेल्या स्वरलिपीचे प्रथमवाचन (21) व श्रवणचाचणी (18) यांना दिलेले आहेत. म्हणजे परीक्षकाने ऐनवेळी मागावयाच्या गोष्टींचे साठही गुण चित्रमुद्रित परीक्षेतून वगळले गेले आणि त्यांची जागा आणखी एका तयार रचनेने व समग्र परिणामाने घेतली. ही वजाबाकी बोलकी आहे. चित्रमुद्रणात परीक्षक नाहीसा होत नाही. तो नंतर पाहतो, ऐकतो, गुणही देतो. नाहीसा होतो तो त्याचा प्रश्न.

तयारी : एक निरीक्षण

बारामती व इंदापूर या तालुक्यांत संगीताचा पहिला संस्कार बहुधा भजनातून होतो. श्री संत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा याच मार्गाने जातो आणि इंदापूर तालुक्यातील बेलवाडीचे रिंगण सर्वश्रुत आहे. येथील पखवाजी किंवा टाळकरी कानाने शिकतो. पुढच्याने चाल बदलली की त्यानेही तत्क्षणी बदलावे लागते. प्रतिसाद हाच त्याच्या शिक्षणाचा गाभा असतो.

2021 मध्ये इंदापूर तालुक्यातील एका वाडीवरील विद्यार्थिनीने परीक्षेसाठी केलेले चित्रीकरण प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिले. राग यमन, छोटा ख्याल, तीनताल. साथीला गावच्या भजनी मंडळात तबला वाजविणारे तिचे चुलते. दोन दिवसांत एकूण अकरा वेळा चित्रीकरण झाले. सातव्या वेळी चुलत्यांच्या हातून ठेक्याची एक मात्रा निसटली. मुलीने तान तेथेच आवरली, क्षणभर ठेका ऐकला, मुखडा उचलला आणि ती बिनचूक समेवर आली. चुलत्यांच्या तोंडून ‘वा!’ निघून गेले. अकराव्या वेळी काहीच चुकले नाही आणि काही घडलेही नाही. पाठविली गेली ती अकरावी चित्रफीत.

ही निवड समजण्यासारखी आहे. सातव्या चित्रफितीत चूक होती आणि मध्येच उद्गारही होता. तथापि त्या मुलीच्या ठिकाणी असलेली लयीची जाण, ऐकण्याची सवय व प्रसंगावधान यांचा पुरावा सातव्या चित्रफितीतच होता. अकरा प्रयत्नांची मुभा मिळाल्याने तिच्या संगीताची नव्हे, तिच्या निर्दोषपणाची परीक्षा झाली. वारंवार चित्रीकरण करणे हा रियाज आहे, असे काहींचे म्हणणे असते. परंतु रियाजात विद्यार्थी चुकीकडे परत जातो. येथे तो चूक पुसून टाकतो.

चित्रीकरणातील तांत्रिक बाबी :

मोबाइलवरील चित्रीकरण तटस्थ असते, हा समजही तपासला पाहिजे. पुष्कळ मोबाइलसंच आवाजाची पातळी आपोआप समान करतात. त्यामुळे हळुवार आलाप मोठा आणि जोरकस तान लहान होऊन गायनातील चढउतार सपाट होतो. दूरस्थ बैठकीसाठी वापरली जाणारी अनेक अ‍ॅप मानवी बोलणे स्पष्ट ठेवण्यासाठी सतत चालणारा नाद गोंगाट समजून दाबतात. तानपुऱ्याचा नाद सतत चालणारा असल्याने तोच प्रथम बळी पडतो. परीक्षकाने मोबाइलवरच ऐकले तर त्याच्या लहानशा ध्वनिक्षेपकातून डग्ग्याचा खर्जही पुरेसा पोहोचत नाही.

यात परिस्थितीची भर पडते. हिवाळी सत्राच्या सुमारास साखर कारखान्यांचा हंगाम चालू असतो आणि उसाच्या ट्रॅक्टरवरील गाणी रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर घुमत असतात. उन्हाळी सत्रात पत्र्याच्या खोलीत पंखा बंद करून गावे लागते. पुण्यातील विद्यार्थी शांत खोली भाड्याने घेऊ शकतो. वाडीवरच्या विद्यार्थ्याला वीज, शांतता आणि साथीदार यांची वेळ एकत्र जुळवावी लागते. अंतराची अडचण दूर करण्यासाठी आलेली पद्धत अशा रीतीने दुसरी विषमता निर्माण करते.

पर्यायाचा विचार :

तरीही ही पद्धत सरसकट नाकारणे योग्य ठरणार नाही. बारामतीहून पुणे सुमारे शंभर किलोमीटर, तर इंदापूर त्याहून दूर आहे. परीक्षेसाठी मजुरी बुडवून सोबत येणारे पालक, साथीदाराचे मानधन आणि प्रवासखर्च यांचा विचार करता, अनेक मुलींची संगीतपरीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबण्याची भीती असते. अंतिम विचारात हा मुद्दा दुर्लक्षिता येत नाही.

थेट दूरस्थ परीक्षा हा एक पर्याय सुचविला जातो. परंतु इंटरनेटवर आवाज पोहोचण्यास लागणाऱ्या विलंबामुळे दोन ठिकाणी बसलेल्या गायकाला व तबलावादकाला लय एकत्र राखता येत नाही. मात्र हा विलंब साथीच्या आड येतो, प्रश्नोत्तरांच्या आड येत नाही. परीक्षकाने स्वरसमूह गाणे व विद्यार्थ्याने राग ओळखणे, किंवा एकट्याने हातावर ताल धरून दुगुन म्हणणे, यांत क्षणभराचा विलंब बाधक ठरत नाही.

निष्कर्ष :

1. चित्रमुद्रित परीक्षेची मुख्य उणीव परीक्षकाची अनुपस्थिती ही नसून प्रश्नाची अनुपस्थिती ही आहे. म्हणून गुणांचा निश्चित हिस्सा थेट प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवावा.

2. चित्रीकरण सलग असावे, एवढी अट पुरेशी नाही. प्रयत्नांची संख्याही मर्यादित असावी. तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या महाविद्यालयातील शांत खोलीत, ठरलेल्या दिवशी, जास्तीत जास्त दोन प्रयत्नांत चित्रीकरण झाल्यास साधनांची विषमताही कमी होईल.

3. तानपुरा व तबला नीट ऐकू यावेत, गायकाचे दोन्ही हात व साथीदार चौकटीत दिसावेत, आवाजाचे आपोआप होणारे समीकरण शक्य तेथे बंद करावे, या सूचना परीक्षार्थींना मराठीतून मिळाव्यात.

4. सादरीकरणातील सावरलेली चूक ही उणीव न मानता लयज्ञानाचा पुरावा मानण्याची तरतूद गुणपत्रकात असावी.

त्या मुलीला परीक्षेत चांगले गुण मिळाले. सातवी चित्रफीत मोबाइलमध्ये जागा उरली नाही म्हणून पुसली गेली. परीक्षापद्धतीची फेररचना करताना त्या पुसल्या गेलेल्या चित्रफितीला किती गुण मिळाले असते, हा प्रश्न आपण प्रथम विचारला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.