कुरवंजीतील भूगोल

युरोपीय आणि भारतीय आधुनिकतावाद्यांच्या आदानप्रदानाचा विचार मराठी समीक्षेत बहुधा मुंबईपासून सुरू होतो. ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, १९४७चा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप, त्याच वर्षीच्या मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ ही नेहमीची नावे. (यातले ‘प्रदान’ बहुतेक वेळा गृहीतच धरले जाते.) मराठीपुरती या व्यवहाराची पूर्वपीठिका मात्र कावेरीकाठी शोधावी लागते.

तिरुवैयारु येथे त्यागराजांच्या (१७६७–१८४७) समाधीपाशी दरवर्षी शेकडो कलावंत एकत्र पंचरत्न कृती गातात. त्यांच्या साथीचे व्हायोलिन परदेशी आहे, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. त्यागराजांच्याच काळात बालुस्वामी दीक्षितांनी मद्रास परिसरात ते आत्मसात केले. पुढे ते मांडी घालून, टोक पायावर टेकवून वाजू लागले, तारा षड्ज-पंचमात लागल्या, आणि मुख्य म्हणजे त्याला गमक घ्यावी लागली. वाद्य बदलले तशी गायनाची साथही बदलली.

त्याच सुमारास जवळच्या तंजावरात सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या नावावर असलेले ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक सिद्ध झाले. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात भविष्य सांगणारी डोंगरी कुरत्ती नायिकेला आपला मुलूख वर्णून सांगते, असा संकेत आहे. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या राजाने हा मुलूख पृथ्वीएवढा केला. येथे कुरत्ती जगाचा भूगोल सांगते. कल्पना विलक्षण आहे. भटक्या स्त्रीइतका भूगोलाचा अधिकार दुसऱ्या कोणाचा असणार? पण देशनामे वाढत जातात तसतशी कुरत्ती मागे सरते आणि तिच्या तोंडून पंतोजी बोलू लागतो. एवढी अफाट पृथ्वी ऐकून नायिकेच्या मनात काय हलते, हा प्रश्न नाटकाला फारसा पडत नाही. नव्या ज्ञानाने जुना घाट वापरला, घाटाला त्याची झळ लागली नाही.

व्हायोलिनच्या बाबतीत घडलेले ते परिवर्तन मराठी शब्दात घडायला मर्ढेकर यावे लागले. त्यांच्या अभंगात यंत्रयुगाचे महानगर शिरले तेव्हा अभंगातली श्रद्धाच डळमळली, आणि युरोपीय आधुनिकांचा उपरोध संतांच्या आर्ततेने ओलावला. ही तुलना आजवर फारशी झाली नाही, कारण तंजावरची नाटके मराठी रंगभूमीच्या उगमाच्या वादातच अडकून पडली. ती पहिली की नाहीत, एवढेच त्यांना विचारले गेले.