पडद्यापुढची माणसे

गेल्या काही वर्षांत संगीत नाटकाच्या पुनरुज्जीवनाची जी हवा उठली आहे, तिने प्रस्तुत लेखकाचा धीर पुरता खचविला आहे. ‘सौभद्र’ दोन तासांत बसावे म्हणून संवाद छाटायचे, पदे तेवढी राखायची, मधूनमधून शालू नेसलेल्या निवेदिकेने सुवर्णकाळाचा जप करायचा आणि साठीपुढच्या मंडळींनी डोळे टिपायचे, या विधीला नाट्यप्रयोग म्हणण्याचा प्रघात पडला आहे. 2025 साली ‘मानापमान’ रुपेरी पडद्यावर आले तेही याच भावनेच्या भांडवलावर. गायकांविषयी तक्रार नाही; गळे तयार आहेत. तक्रार आहे ती या साऱ्यामागे गृहीत धरलेल्या इतिहासाविषयी, ज्यात किर्लोस्कर, देवल, खाडिलकर आणि बालगंधर्व एकामागून एक अवतरतात आणि प्रेक्षक मात्र कोठून आला याची वाच्यता होत नाही.

वास्तविक आपली व्यावसायिक रंगभूमी उभी राहिली ती आश्रय तुटल्यामुळे. 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ झाले हे शाळकरी पोरही सांगेल. परंतु 1851 साली सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन निवर्तले, दरबारचा हात आखडला आणि ते नाटक करणाऱ्या विष्णुदास भाव्यांना तिकीट लावून मुलूख पालथा घालावा लागला, ही हकीकत आपण तळटीपेत ढकलतो. 1853 मध्ये भावे ग्रँट रोडच्या नाटकगृहात उतरले तेव्हा मराठी नाटकाचा धनी बदललेला होता: दरबाराऐवजी तिकीट काढणारा प्रेक्षक.

हा प्रेक्षक कोण ते गिरगावात दिसते. तेथील खोताच्या वाडीतील लाकडी सज्ज्यांची छायाचित्रे घेण्यास हल्ली झुंडी लोटतात. त्या वाडीपासून पायी जाण्याच्या अंतरावर तीन रंगभूमी नांदल्या, याची दखल मात्र कोणी घेत नाही. केळेवाडीतील साहित्य संघ सर्वांच्या परिचयाचा. 1911 साली ब्रिटिश बादशहाने उद्घाटन केलेले ऑपेरा हाउस 2016 पासून पुन्हा झळाळते आहे, आणि त्याविषयी एवढे पुरे. तिसरी रंगभूमी धोबी तलावाच्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या सामाईक बिऱ्हाडांत, राहणाऱ्या खलाशांची, आचाऱ्यांची आणि वाजंत्र्यांची. लुकासिन्यु रिबेरो हा पोटासाठी मुंबईस आलेला गोवेकर तरुण एका इटालियन ऑपेरा कंपनीत राबला, तिचा जुना कपडेपट घेऊन परतला आणि 17 एप्रिल 1892 रोजी न्यू आल्फ्रेड थिएटरात त्याने ‘इटालियन भुर्गो’ हे पहिले तियात्र, म्हणजे कोकणी संगीतनाट्य, उभे केले. ऑपेराचा मुंबईतील खरा वारस हा. झुंबरांच्या डागडुजीने वारसाहक्क सिद्ध होत नसतो.

तियात्राची एक रीत आमच्या नाट्यपंडितांनी जवळून पाहावी. प्रवेश संपतो, पडदा पडतो, आणि त्या पडलेल्या पडद्यापुढे एक गायक येऊन कथानकाशी सुतराम संबंध नसलेले कांतार, म्हणजे स्वतंत्र गाणे, गातो. खाली ट्रंपेट आणि ड्रम सज्ज असतात. विषय धान्याच्या भावापासून पुढाऱ्याच्या लबाडीपर्यंत कोणताही. आमचे नाट्यपद रसिकाच्या वन्समोअरसाठी नाटक थांबविते. कांतार नाटक थांबविते ते चाकरमान्याला त्याचे गाऱ्हाणे ऐकविण्यासाठी. शिवाय रेजिना फर्नांडिस ही जुआंव आगुश्तीन फर्नांडिस यांची पत्नी 1904 साली तियात्रात उभी राहिली. स्त्रियांच्या स्वतंत्र मंडळ्या व हिराबाई बडोदेकरांचा उपक्रम वगळला, तर आमच्या पांढरपेशांना त्यासाठी 1933 च्या ‘आंधळ्यांची शाळा’पर्यंत थांबावे लागले. तोवर आमच्या कुलस्त्रिया लुगडे कसे नेसावे हे बालगंधर्व या पुरुषाकडून शिकत होत्या!

परळ-लालबागची कथा याहून सरस. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा गिरणीकामगार शक्ती-तुरा आणि दशावतार गाठोड्यात बांधूनच आला. 1922 च्या दामोदर नाट्यगृहाने त्याला छप्पर दिले. 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि शाहीर गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले, तेव्हा अण्णाभाऊंनी तमाशाच्या अगदी मुळाशी हात घातला: गणातील गणपतीला रजा देऊन तेथे मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन केले, गवळण गाळली आणि सोंगाड्याच्या तोंडी सावकाराची झडती दिली. शतकभरातील इतका धीट रूपपालट दुसरा दाखवावा. छबिलदासच्या प्रायोगिक नाटकांचे कौतुक ज्यांना करायचे त्यांनी खुशाल करावे. तेथला वाद मध्यमवर्गाचा मध्यमवर्गाशीच होता.

18 जानेवारी 1982 च्या संपाने गिरणगाव उद्ध्वस्त झाले. ते दुःख नाटकात यायला जयंत पवारांच्या ‘अधांतर’पर्यंत, म्हणजे 1997 पर्यंत, वाट पाहावी लागली, कारण ज्यांचे दुःख होते त्यांचे तिकीट काढण्याचे बळच संपले होते आणि ज्यांचे बळ शाबूत होते ते दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात हसायला जात होते. प्राजक्त देशमुखांच्या ‘संगीत देवबाभळी’ने 2017 साली तुकारामांची आवली आणि विठ्ठलाची रखुमाई यांना समोरासमोर आणून गाण्याला पुन्हा काम दिले, हा अपवाद मी आनंदाने नोंदवितो. जुन्या पदांना फोडणी न देता तेथे दोन बायकांच्या जाचातूनच संगीत उगवते.

आणि दामोदर? ते 2023 च्या नोव्हेंबरात पुनर्बांधणीच्या नावाखाली बंद झाले. ज्या सरकारला संगीत नाटकाच्या स्पर्धा भरविण्यास तिजोरीतून रक्कम सापडते, त्याने परळच्या जागेवर पूर्वीइतक्याच आसनांचे आणि परवडणाऱ्या भाड्याचे नाट्यगृह होईल अशी लेखी हमी आधी घ्यावी, आणि ती मिळेपर्यंत ‘सौभद्रा’च्या कोणत्याही नव्या आवृत्तीवर मंजुरीचा शिक्का मारू नये. कापडाच्या गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले ते आपण पाहिले आहे.