मांडी, पडदा आणि बाळाचे बोल

पुस्तकाची समीक्षा लिहावी, नाटकाची लिहावी, फार तर चित्रपटाची लिहावी. परंतु जे मूल अद्याप बोलूही लागलेले नाही त्याच्यासाठी तयार झालेल्या संगणकीय खेळांची समीक्षा कोणी लिहावी, आणि कोणासाठी? हा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकांच्या कपाटातून आला नाही, तो घरातूनच आला. आमची मुलगी धुळ्याला असते. तिची लेक अकरा महिन्यांची. गेल्या सुटीत ती जळगावला आली तेव्हा लॅपटॉप पुढे करून म्हणाली, "बाबा, हिच्यासाठी हे शैक्षणिक सॉफ्टवेअर लावून देऊ का? खेळता खेळता शिकेल ना?" चाळीस वर्षे मुलांना शिकविण्यात घालविलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर पटकन देता आले नाही, हे कबूल केले पाहिजे. म्हणून आधी ते खेळ पाहिले, नातीला मांडीवर घेऊन खेळूनही पाहिले. आणि मगच लेखणी हाती घेतली आहे.

दोन वर्षांच्या आतील बाळांसाठी संगणकाचे खेळ ही काही आजची कल्पना नव्हे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत 'जंपस्टार्ट बेबी', 'रीडर रॅबिट'च्या मालिकेतील बाळांचा खेळ अशा तबकड्या बाजारात आल्या. त्या काळी आमच्या खानदेशात संगणक पाहावयाचा तर तो बहुधा एखाद्या क्लासमध्ये, काचेच्या दाराआड आणि चपला बाहेर काढून. या बाळखेळांना तिकडे 'लॅपवेअर' असे नाव पडले. लॅप म्हणजे मांडी. मूल आईच्या मांडीवर, आई संगणकासमोर, आणि दोघांनी मिळून कळफलकाशी खेळावयाचे, असा तो घाट होता. या प्रकाराविषयी जे काही म्हणावयाचे आहे ते सारे त्या एका नावात मला सापडले. त्याचा खरा कणा संगणक नसून मांडी होती.

या प्रकाराचा एक साधा आणि प्रामाणिक नमुना म्हणजे 'बेबीस्मॅश'. स्कॉट हॅन्सेलमन या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने २००८ साली तो आपल्याच लहान मुलांसाठी रचला आणि सर्वांना विनामूल्य दिला. बाळाने कळफलकावर हात आपटला की पडद्यावर एखादे रंगीत अक्षर किंवा आकृती उमटते. आवाज होतो, कधी हसू ऐकू येते. आणि थोड्या वेळाने ती आकृती विरून जाते. बाळाच्या हातून आपले काम बिघडू नये म्हणून इतर कळांना अटकाव केलेला असतो. ना गोष्ट, ना गुण, ना हारजीत. कथानक शोधणाऱ्या समीक्षकाच्या हाती इथे काहीच लागत नाही.

तरीही या खेळात एक गुण आहे आणि तो लहान नाही. बाळाने काही केल्याखेरीज पडदा काही करीत नाही. ज्या जीवाला अजून पाणीसुद्धा मागता येत नाही, त्याच्या एका थापेने जग बदलते. आपण केले म्हणून झाले, ही जाणीव शिक्षणाची पहिली पायरी होय. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममधील सॅन लोरेन्झो वस्तीत पहिले बालगृह उघडले, तेव्हा मुलाच्या स्वतःच्या हाताला त्यांनी हाच मान दिला होता. आमच्या नातीने पहिल्यांदा कळफलकावर थाप मारली आणि पडद्यावर लाल चौकोन उमटला, तेव्हा ती क्षणभर थबकली. नंतर जे घडले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. तिने चौकोनाकडे पुन्हा पाहिले नाही. मान वळवून तिने माझ्या तोंडाकडे पाहिले. 'तुम्ही पाहिलेत का?' असेच जणू ती विचारीत होती. त्या प्रश्नाचे उत्तर सॉफ्टवेअरजवळ नव्हते, ते मला द्यावयाचे होते.

इथेच या खेळांचा दोषही उघड होतो. यंत्र सगळ्याच थापांना सारखेच उत्तर देते. मूल रागाने आपटो, कुतूहलाने बोट टेकवो, वा झोपेला येऊन कळफलकावर डोके ठेवो. पडद्यावर आकृती उमटतेच आणि तितक्याच तत्परतेने उमटते. आपल्या घराघरांतील तळहाताचा खेळ आठवून पाहा. आजी बाळाच्या तळव्यावर बोट टेकवून मोराला बसावयास बोलावते, त्याला चारापाणी देते, आणि मग तो मोर भुर्रकन उडून जातो. त्या खेळाचे सारे मर्म उडण्यात नसून उडण्याआधीच्या थांबण्यात आहे. आजी थांबते, बाळ श्वास रोखते, आजी आणखी थोडी थांबते. किती थांबावयाचे हे ती बाळाच्या डोळ्यांत पाहून ठरविते; काल जितके थांबली तितके आज थांबत नाही. गाण्यातील समेइतकीच ही कला सूक्ष्म आहे. मी पाहिलेल्या एकाही खेळाला अशी वाट पाहावयास लावता आली नाही. तत्परता हा यंत्राचा गुण खरा. परंतु खेळात तोच उणेपणा ठरतो.

आता या प्रकाराचे पुढे काय झाले ते पाहू. १९९७ साली ज्युली एग्नर-क्लार्क या अमेरिकी गृहिणीने 'बेबी आइन्स्टाइन' नावाची चित्रफीत काढली: खेळणी, बाहुल्या, रंग आणि संगीत. २००१ साली डिस्ने कंपनीने तो व्यवसाय विकत घेतला. इथे कळफलक उरला नाही, म्हणून बाळाची थापही उरली नाही. आणि मूल आपोआप शांत बसते म्हटल्यावर मांडीचीही गरज उरली नाही. २००७ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी असे नोंदविले की, आठ ते सोळा महिन्यांची जी बाळे अशा चित्रफिती पाहात, त्यांच्या शब्दसंग्रहात रोजच्या प्रत्येक तासामागे सहा ते आठ शब्द कमी आढळले. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, त्याच माहितीची पुढे इतरांनी फेरतपासणी केली, तेव्हा तो निष्कर्ष तितका भक्कम ठरला नाही. म्हणजे चित्रफितीने मूल मंद होते असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. परंतु ते त्यामुळे हुशार होते, असेही कोणी सिद्ध करू शकले नाही. आणि २००९ साली कंपनीने ग्राहकांना पैसे परत देण्याची तयारी दाखविली.

याहून मोलाचा वाटतो तो पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना त्यांनी चिनी भाषा ऐकविली. काहींजवळ चिनी बोलणारी माणसे प्रत्यक्ष बसली, खेळली, पुस्तके दाखवू लागली. काहींना त्याच माणसांची चित्रफीत दाखविली. काहींना केवळ आवाज ऐकविला. बारा बैठकींनंतर असे आढळले की, ज्यांच्याजवळ माणूस बसला होता त्या बाळांना चिनी ध्वनींमधील भेद ओळखू येऊ लागला. चित्रफीत पाहणाऱ्या आणि आवाज ऐकणाऱ्या बाळांना तो ओळखता आला नाही. भाषा तीच, माणसे तीच, शब्दही तेच. उणे होते ते समोर बसलेल्या माणसाचे पाहणे.

हा प्रयोग वाचताना माझे मन चीनकडे न जाता आमच्या तापीकाठी आले. आमच्या भागात मुलाच्या कानावर जी भाषा प्रथम पडते ती सॉफ्टवेअरमधील इंग्रजी नव्हे, पुष्कळ घरी तर पुस्तकी मराठीही नव्हे. २०११ च्या जनगणनेत अठरा लाखांहून अधिक माणसांनी आपली मातृभाषा म्हणून खानदेशीची, म्हणजे आपल्या अहिराणीची आणि तिच्या भावंडांची नोंद केली. सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल आणि पावरा घरांतून आणखी वेगळे बोल ऐकू येतात. आमच्या बोलीत 'ळ' विरघळून 'य' होतो; डोळ्याचा डोया होतो, केळीची केयी होते. केळीच्या या जळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या बाळाला पडदा पहिले फळ दाखवितो ते सफरचंद, आणि त्याचे नाव सांगतो ते परक्या उच्चारात. सफरचंदाशी माझे भांडण नाही. परंतु ज्या फळाला बाळाने हात लावलेला आहे, ज्याची चव त्याच्या जिभेवर आहे, त्याचे नाव घरच्या आवाजात ऐकण्याची बरोबरी त्या चित्राला कशी येणार?

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपाशी त्या गाणी रचीत गेल्या; घरच्यांनी ती टिपून ठेवली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. त्यांचे पुत्र सोपानदेव कवी झाले. ज्या घरात आईला अक्षरओळख नव्हती त्या घरात मुलाला भाषेची अशी ओळख झाली, यातील अर्थ आजच्या आईबापांनी ध्यानी घ्यावा. आज विद्यापीठाला त्या माउलीचे नाव आहे. परंतु तिची बोली नातवंडांच्या कानावर पडावी याची काळजी विद्यापीठ घेऊ शकत नाही. ती घरानेच घ्यावयाची असते.

यावर कोणी म्हणेल, हा जुन्या माणसाचा यंत्रद्वेष झाला. तसे नाही. धुळे जिल्ह्यात गेल्या दशकात जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल झाल्या. मूळचे धुळ्याचे आणि अमेरिकेत नोकरी करणारे हर्षल विभांडिक यांनी गावोगाव सभा घेऊन लोकवर्गणीची जी चळवळ उभी केली, तिचा त्यात मोठा वाटा होता. त्या कामाविषयी मला आदर आहे. परंतु तेथे मूल शाळेच्या वयाचे, शिक्षक वर्गात उभा आणि पडदा त्याच्या मदतीला. पाळण्यातील बाळाची गोष्ट वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली एक वर्षाच्या आतील मुलांना पडदा मुळीच नको असे सांगितले. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने दोन वर्षांपर्यंत तो वर्ज्य मानला, अपवाद एकच ठेवला: नातेवाइकांशी अधूनमधून होणारे दृश्य-संभाषण. हा अपवाद मला फार सूचक वाटतो. कामधंद्यासाठी सुरतेला वा पुण्याला गेलेल्या लेकाचे मूल धुळ्याच्या आजीला फोनवर दिसते, आजी बोलते, मूल हसते, आजी त्या हसण्याला उत्तर देते. पडदा तोच, परंतु पलीकडे उत्तर देणारे माणूस आहे.

दिवसभर राबून आलेल्या आईला अर्धा तास उसंत हवी असते, हेही मी जाणतो. तिला दोष देणे सोपे आहे, घरातील इतरांनी मूल उचलून घेणे तितके सोपे नाही. म्हणून या लेखाचा रोख तिच्याकडे नसून आम्हां आजोबा, काका, मामा मंडळींकडे आहे. मूल रडले की तिला हाक मारणारे आम्हीच असतो.

मग सॉफ्टवेअरचे काय करावे? बाळासाठी ते निवडताना माझी कसोटी एकच: ते बंद केल्यावर घरात काय उरते? शब्द, हसू, नवा खेळ उरत असेल तर ठीक. नुसते रडे उरत असेल तर ते सॉफ्टवेअर पहिल्या परीक्षेतच नापास. मूल थोडे मोठे झाले, दोन वर्षांच्या पुढे गेले, की 'जीकॉम्प्री'सारखे मुक्त सॉफ्टवेअर जरूर पाहावे. २००० साली फ्रान्समध्ये त्याचा आरंभ झाला. फ्रेंच भाषेत त्या नावाचा उच्चार 'मला समजले' असा अर्थ देतो. ते कोणालाही बदलता येते, त्यात आपल्या भाषेचा आवाज घालता येतो. आमच्या महाविद्यालयांतील संगणकाच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या आजींचा आवाज त्यात भरला आणि पडदा अहिराणीत बोलू लागला, तर त्याचे परीक्षण मी आनंदाने लिहीन.

मुलीला मी शेवटी काय उत्तर दिले? लॅपटॉप मिटवा असे म्हटले नाही. दोन वर्षांची होईपर्यंत वाट पाहू, एवढेच म्हटले. आणि तोवर रोज संध्याकाळी फोनवरून मी तिच्याशी बोलेन, असे वचन दिले. जाण्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या आजींनी नातीला मांडीवर घेतले, केळे सोलले, आणि ते तिच्या ओठाशी नेऊन मुद्दाम मागे घेतले. नात थांबली, हसली, पुन्हा तोंड पुढे केले. "केयी," आजी म्हणाल्या. नातीने "के" एवढेच म्हटले. मुलीने माझ्याकडे पाहिले. लॅपटॉप मेजावर तसाच उघडा होता आणि त्याचा पडदा केव्हाच काळा झाला होता.